रेकी, रिफ्लेक्सॉलॉजी आणि इतर पूरक पद्धतींसाठी दायित्व विमा: घेण्याआधी, घेताना आणि घेतल्यावर काय करायचं

माझ्या खोलीत आजवर एकच अपघात झाला, आणि तो रेकी, म्हणजे हात ठेवून ऊर्जा देण्याची पद्धत, देताना झाला नाही. जुलैचा महिना होता, बाहेर पावसाची झड लागलेली. साठी उलटलेल्या एक काकू पायांचं रिफ्लेक्सॉलॉजीचं, म्हणजे तळव्यांवरचे ठरावीक बिंदू दाबण्याचं, सत्र संपवून टेबलावरून उतरत होत्या. तळव्यांना लावलेलं तिळाचं तेल मी टॉवेलने पुसलं होतं, पण टाचांच्या भेगांत थोडं राहिलं असावं. टेबलाखालचं पायपुसणं दाराकडे सरकलेलं. फरशीवर पाय पडला तो सटकलाच. उजवा हात टेकवून त्या पडल्या आणि मनगट मोडलं. प्लेट बसवावी लागली.

काकूंनी स्वतः मला एका शब्दाने दोष दिला नाही. महिन्याभराने त्यांच्या मुलाची वकिलामार्फत नोटीस आली. माझ्याकडे दायित्व विम्याची पॉलिसी होती (क्लायंटला इजा झाली तर भरपाई कंपनीने द्यायची), हप्ता वेळेवर भरलेला होता, म्हणून मी निर्धास्त होते. विमा कंपनीचं उत्तर चार ओळींचं होतं: प्रपोजल फॉर्मवर (विमा मागण्याच्या अर्जावर) व्यवसाय ‘रेकी’ असा नोंदवलेला आहे, तेल लावून केलेलं रिफ्लेक्सॉलॉजी विमाछत्रात येत नाही. तो फॉर्म एजंटने भरला होता आणि मी न वाचता सही केली होती. ऑपरेशनचा खर्च आणि वर तडजोडीची रक्कम मी माझ्या मुदत ठेवीतून दिली.

त्यानंतर मी या विषयातले कागद वाचायला बसले. विमा आपल्याला मिळत नाही, कागदावर लिहिलेल्या आपल्या कामाला मिळतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं. रेकी, रिफ्लेक्सॉलॉजी, अ‍ॅक्युप्रेशर, प्राणिक हीलिंग, अरोमाथेरपी, साउंड हीलिंग, योगोपचार, यातलं काहीही तुम्ही पैसे घेऊन करत असाल तर ते तुम्हालाही लागू आहे.

आधी एक कोरा कागद घ्या

एजंटला फोन करण्याआधी एक तास काढून हे लिहून काढा. विमा कंपनीला नंतर हेच द्यायचं आहे.

तुम्ही काय काय करता, ते सगळं. ‘रेकी’ एवढं लिहून थांबू नका. हात अंगावर ठेवता की वरच्यावर धरता? तेल वापरता का, कोणतं? गरम दगड, कपिंग (कातडीवर पेले चिकटवणं), मोक्साची कांडी (शेक देण्यासाठी पेटवलेली वनस्पतीची कांडी), धुपाटणं, मेणबत्ती यातलं काही असतं का? मनगट मोडण्याचा, कातडी भाजण्याचा, तेलाची अ‍ॅलर्जी येण्याचा धोका या वस्तूंमध्ये असतो, स्थिर हातांनी दिलेल्या रेकीत तो फार थोडा. म्हणून कंपनीच्या दृष्टीने फॉर्मवर ‘रेकी’ लिहिणं आणि ‘रेकी व गरम दगडांचं मालिश’ लिहिणं या दोन वेगळ्या जोखमी आहेत.

कुठे करता? राहत्या फ्लॅटमध्ये, भाड्याच्या गाळ्यात, क्लायंटच्या घरी, एखाद्या वेलनेस सेंटरमध्ये की हिंजवडीतल्या कंपनीच्या आरोग्य शिबिरात? राहत्या घरात करत असाल तर एक गैरसमज आधीच दूर करा. घराचा विमा राहत्या घरासाठी काढलेला असतो, तिथे येणाऱ्या क्लायंटला झालेली इजा त्यात धरलेली असेल असं गृहीत धरू नका.

कोणावर करता? अठरा वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया, कर्करोगाचे उपचार चालू असलेले लोक येतात का? शिकवता का? पहिल्या आणि दुसऱ्या डिग्रीचे वर्ग घेत असाल, शक्तिपात (विद्यार्थ्याला रेकीची दीक्षा) देत असाल, तर ते शिकवणं आहे. वर्गात एका विद्यार्थ्याच्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर काय, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. दूरस्थ रेकी (समोर नसलेल्या माणसाला लांबून दिलेली) देत असाल तर समोरची व्यक्ती कोणत्या देशात असते तेही लिहा. त्याचं कारण पुढे येईल.

शेवटी वर्षाला साधारण किती सत्रं होतात, किती उत्पन्न येतं आणि हाताखाली कोण आहे ते लिहा. मदतनीस सत्रं घेत असेल तर तिचं नाव पॉलिसीत यायला हवं.

कायद्याच्या नजरेत आपण कोण?

भारतात रेकीसाठी कायद्याने स्थापन केलेली परिषद नाही. भिंतीवर ग्रँडमास्टरचं प्रमाणपत्र लावलेलं असलं तरी कायद्याच्या भाषेत आपण ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ नाही. अ‍ॅक्युपंक्चरची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, त्यामुळे सुया वापरणाऱ्याने आधी नोंदणी करावी आणि मग विम्याकडे वळावं.

नोंदणी नसल्याचे परिणाम आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतात. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०६(१) नुसार निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसं घडलं तर ती मर्यादा दोन वर्षं आहे. ती सवलत आपल्याला नाही. आणि फौजदारी शिक्षा किंवा दंड कोणताही विमा भरत नाही.

ग्राहक कायदा मात्र आपल्याला पुरेपूर लागू होतो. डॉक्टरांची सेवा ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात सांगितलं. आपण पैसे घेऊन देतो तीही सेवाच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार कोणत्या आयोगाकडे जाणार हे मोजलेल्या पैशांवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. आपली फी हजार-दोन हजार, म्हणजे तक्रार जिल्हा आयोगात जाणार, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यामुळे तक्रारदाराला शुल्कही नाही. एका रुपयाचं शुल्क न भरता कोणी तुमच्याकडे वीस लाख मागू शकतो. मोफत शिबिरात दिलेली सेवा या कायद्याबाहेर राहते, पण दिवाणी दावा तेव्हाही होऊ शकतो. ‘ऐच्छिक दक्षिणा’ ठेवली की सेवा मोफत झाली, असा युक्तिवाद टिकेल या भरवशावरही राहू नका.

जाहिरातीसाठी १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात कर्करोग, मधुमेह, रक्तदाब, अपस्मार, अर्धांगवायू असे ५४ आजार आणि अवस्था दिल्या आहेत, ज्यांच्यावर उपाय असल्याची जाहिरात करता येत नाही. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं त्यानुसार गुन्हा आहे, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

विम्याच्या लेखात हे सगळं कशाला, असं वाटेल. पण जे बेकायदा आहे त्याला विमाछत्र मिळत नाही. पत्रकावर ‘मधुमेह हमखास बरा’ छापलं असेल तर एका वाक्यात दोन नुकसानं होतात. १९५४ च्या कायद्याचा भंग होतोच, शिवाय ‘परिणामाची हमी दिल्यास दावा मान्य नाही’ असं अनेक पॉलिसींत असलेलं कलमही लागू होतं. म्हणून विमा घेण्याआधी तुमचा बोर्ड, व्हिजिटिंग कार्ड, इन्स्टाग्रामचं पान आणि व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस तपासा. ‘डॉक्टर’, ‘रुग्ण’, ‘निदान’, ‘बरा होतो’ हे शब्द काढून टाका. मी ‘रेकी सत्र’ आणि ‘क्लायंट’ असंच लिहिते. कोणी मित्राने प्रेमाने ‘तुमच्यामुळे माझी गाठ गेली’ असं जाहीर लिहिलं तर त्याला विनंती करून ते काढायला लावते.

आणखी एक निकाल आपल्या सगळ्यांना ठाऊक असायला हवा, १९९६ चा पूनम वर्मा खटला. मुंबईत होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात हात घालणं हाच निष्काळजीपणा, असं ठरवून न्यायालयाने तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. ‘शुगर उतरली आहे, गोळी अर्धी करून बघा’ हे वाक्य आपल्या तोंडून कधीही निघता कामा नये. ते प्रेमाने म्हटलेलं असलं तरी त्यानंतर काही बिघडलं तर कोणतीही पॉलिसी आपल्यामागे उभी राहणार नाही.

कोणता विमा मागायचा?

‘लायबिलिटी पॉलिसी द्या’ एवढं म्हणालात तर भलतंच हातात पडू शकतं. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी कायदा धोकादायक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे आणि त्याखालची सक्तीची पॉलिसी आपल्या कामाची नाही. नाव सारखंच असल्यामुळे घोटाळा होतो. आपल्याला यातलं काय लागतं ते बघा.

प्रोफेशनल इन्डेम्निटी ही तुमच्या व्यावसायिक चुकीसाठी असते. कपिंगचा पेला जास्त वेळ राहिला आणि फोड आले, तेलाची अ‍ॅलर्जी न विचारता तेल लावलं, चुकीचा सल्ला दिला, असे दावे इथे येतात. डॉक्टरांसाठीची या प्रकारची पॉलिसी नोंदणीकृत पदवीधरांसाठी असते. ती ‘चालवून घेऊ’ असं कोणी म्हणालं तर घेऊ नका, कारण नोंदणी नाही या एका कारणावर दावा फेटाळला जाईल. आपल्यासाठी ‘इतर व्यावसायिक’ या वर्गातली पॉलिसी मागायची आणि तिच्यावर आपल्या पद्धतींची नावं घालून घ्यायची.

औद्योगिक नसलेल्या जागांसाठीची पब्लिक लायबिलिटी ही जागेशी जोडलेल्या अपघातासाठी असते. पावसाळ्यात ओल्या जिन्यावरून पडणं, पंखा कोसळणं, मेणबत्तीने पडदा पेटून शेजाऱ्याचं नुकसान होणं, हे त्यात येतं.

माझा अपघात यातला कोणता? तेल माझ्या कामाचा भाग, फरशी आणि सरकलेलं पायपुसणं जागेचा भाग. दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन पॉलिसी असत्या तर एकीने दुसरीकडे बोट दाखवलं असतं. म्हणून शक्य असेल तर दोन्ही एकाच कंपनीकडून घ्या.

तेल, क्रिस्टल किंवा अगरबत्ती विकत असाल तर उत्पादन दायित्वाबद्दल, म्हणजे विकलेल्या वस्तूमुळे झालेल्या इजेच्या विम्याबद्दल, वेगळं विचारा. दुसऱ्याच्या वेलनेस सेंटरमध्ये फ्रीलान्स काम करत असाल तर ‘सेंटरचा विमा आहे’ या तोंडी शब्दावर थांबू नका. पॉलिसीचं शेड्यूल (कोणाला, कशासाठी, किती छत्र आहे ते सांगणारं पान) बघायला मागा आणि त्यात बाहेरच्या थेरपिस्टचा उल्लेख आहे का ते स्वतः वाचा.

रक्कम किती ठेवायची?

बहुतेक जण आपली फी बघून रक्कम ठरवतात. समोरच्याचं नुकसान बघून ती ठरवायला हवी. निवृत्त शिक्षिकेचं मनगट आणि बत्तीस वर्षांच्या संगणक अभियंत्याचं मनगट, यात औषधोपचाराचा खर्च सारखाच, बुडालेलं उत्पन्न मात्र कितीतरी वेगळं. तुमच्याकडे कोण येतं त्यावरून अंदाज बांधा.

पॉलिसीवर दोन मर्यादा असतात, एका घटनेची आणि वर्षभराची. त्यांचं प्रमाण १:१, १:२, १:३ असं निवडता येतं. एका घटनेला १० लाख आणि वर्षाला ३० लाख असेल तर एकाच माणसाच्या दाव्यात १० लाखांच्या वर काही मिळणार नाही, वर्षाचे बाकीचे २० लाख शिल्लक असले तरी. एकट्याने काम करणाऱ्यासाठी मला एका घटनेची मर्यादा जास्त महत्त्वाची वाटते, कारण वर्षात तीन दावे येणं दुर्मिळ आणि एक मोठा दावा येणं जास्त संभवनीय.

वकिलाचा खर्च याच रकमेतून जातो की वेगळा मिळतो, हे विचारा. त्यातूनच जात असेल तर रक्कम वाढवा. एक्सेस म्हणजे प्रत्येक दाव्यात आधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम. ती जास्त ठेवली की हप्ता उतरतो, पण आपल्याकडचे बरेचसे दावे लहान असतात आणि मग ते सगळे आपल्याच खिशातून जातात. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी धरून हिशेब करा.

पॉलिसीतली तीन कलमं मोठ्याने वाचा

पहिलं कलम दावा कधीचा हे ठरवणारं. आपल्याकडच्या प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी साधारणपणे ‘क्लेम्स मेड’ असतात. घटना कधी घडली त्याबरोबर दावा कधी आला हेही बघितलं जातं, आणि दावा येईल त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. समजा, २०२३ च्या मार्चमध्ये सत्र झालं, तेव्हा पॉलिसी होती. २०२४ मध्ये तुम्ही ती बंद केली. २०२५ च्या फेब्रुवारीत तक्रार आली. भरपाई मिळणार नाही. ग्राहक आयोगाकडे जायला तक्रारदाराला दोन वर्षं असतात, आणि सबळ कारण दिलं तर आयोग उशीरही माफ करू शकतो. म्हणून व्यवसाय बंद करतानाही, किमान दोन वर्षं नंतर आलेले दावे घेतले जातील अशी वाढीव मुदत कंपनी देते का ते विचारा.

याच्याच जोडीला ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख’ असते. त्या तारखेआधी केलेल्या कामाचा दावा चालत नाही. दरवर्षी नूतनीकरण वेळेत केलं तर ही तारीख पहिल्या पॉलिसीची राहते. एकदा खंड पडला किंवा कंपनी बदलताना कोणी लक्ष दिलं नाही, तर ती आजची होते आणि मागची सगळी वर्षं उघडी पडतात. कंपनी बदलताना जुनी तारीख नव्या शेड्यूलवर छापून घ्या.

दुसरं कलम प्रदेशाचं. बहुतेक पॉलिसी भारतात केलेल्या कामासाठी आणि भारतातल्या न्यायालयांपुरत्या असतात. परदेशाचं छत्र घेतलं तरी अमेरिका आणि कॅनडा बऱ्याचदा वगळलेले असतात. पुण्यात बसून न्यू जर्सीतल्या मावसबहिणीच्या मैत्रिणीला दर गुरुवारी दूरस्थ रेकी देणाऱ्या माझ्या ओळखीत कितीतरी जणी आहेत. त्या कामाला त्यांच्या पॉलिसीचं छत्र नाही, हे त्यांच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं.

तिसरं म्हणजे अपवादांची यादी. हेतुपुरस्सर कृत्य, लैंगिक गैरवर्तन, दंड, नशेत केलेलं काम, परवान्याशिवाय केलेली प्रक्रिया, आधीच ठाऊक असलेली तक्रार, हे साधारण सगळीकडे असतं. स्पर्शाबाबतचे आरोप आपल्या व्यवसायात खोटेही होऊ शकतात. निर्दोष ठरेपर्यंतचा वकिलाचा खर्च कंपनी देते का, हा प्रश्न संकोच न करता लेखी विचारा.

प्रपोजल फॉर्म स्वतःच्या हाताने भरा

विम्याचा करार पूर्ण विश्वासावर उभा असतो. महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा राहून गेली तर कंपनीला हात काढून घेता येतो. एजंट चांगला माणूस असेल, घरचाच असेल, तरी पेन तुमच्या हातात हवं. ‘व्यवसाय’ या रकान्यात जागा पुरत नसेल तर ‘सोबत पुरवणी जोडली आहे’ असं लिहा आणि सुरुवातीचा तो कागद सहीनिशी जोडा. भरलेल्या फॉर्मचे फोटो काढून ठेवा.

मग कंपनीच्या अधिकृत ईमेलवर एक पत्र पाठवा. मी पाठवलं होतं ते असं:

‘मी पुढील पद्धती वापरते: रेकी (स्पर्शासह व स्पर्शाविना), पायांचे रिफ्लेक्सॉलॉजी (तिळाचे व खोबऱ्याचे तेल वापरून), मार्गदर्शित ध्यान. काम माझ्या राहत्या घरातील स्वतंत्र खोलीत व क्लायंटच्या घरी होते. मी नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक नाही. या सर्व कामांना प्रस्तावित पॉलिसीत विमाछत्र आहे का, याचे लेखी उत्तर द्यावे.’

माझ्या बाबतीत एका कंपनीने नाही म्हटलं, एकीने उत्तरच दिलं नाही, तिसरीने रिफ्लेक्सॉलॉजी शेड्यूलवर घालून दिलं. नकार आला तरी तो उपयोगी पडतो, कारण हप्ता वाया जात नाही. पुढे एखादी नवी पद्धत शिकलात तर पहिल्या क्लायंटला हात लावण्याआधी एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी लेखी भर, करून घ्या.

दर सत्रामागे तीन कागद

पहिल्या भेटीच्या माहितीपत्रकात वय, चालू औषधं, अ‍ॅलर्जी, शस्त्रक्रिया, गरोदरपण, पेसमेकर आणि डॉक्टरांचं नाव असावं. मनगटाचा प्रसंग घडल्यापासून मी ‘चक्कर येते का, तोल जातो का’ हाही प्रश्न घातला आहे.

दुसरं संमतिपत्र. ते क्लायंटच्या भाषेत असावं, इंग्रजीतून उचललेलं नको. माझ्याकडचा मजकूर असा:

‘रेकी ही पूरक पद्धत आहे, वैद्यकीय उपचार नाही, हे मला समजावून सांगितले आहे. माझी चालू औषधे व तपासण्या मी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करणार नाही. सत्रात हात कुठे ठेवले जातील हे मला सांगितले आहे. स्पर्श नको असल्यास तसे सांगण्याचा व सत्र केव्हाही थांबवण्याचा मला अधिकार आहे. कोणत्याही परिणामाची हमी मला दिलेली नाही.’

‘काही झाल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही’ ही ओळ अनेक फॉर्मवर दिसते. तिने निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही. क्लायंट अठरा वर्षांखालचा असेल तर पालकांची सही घ्या आणि सत्रभर पालकांना खोलीत बसवा.

तिसरी नोंद सत्रानंतर दोन ओळींची: तारीख, वेळ, काय केलं, क्लायंट काय म्हणाला. ‘छातीत दुखतं म्हणाल्या, आजच डॉक्टरांकडे जायला सांगितलं, मुलीला फोन केला’ ही एक ओळ पुढे तुमचा बचाव करू शकते. नोंदी कुलुपात ठेवा. क्लायंटची माहिती कोणत्याही ग्रुपवर टाकू नका, नाव झाकूनही नाही. मी नोंदी आठ वर्षं ठेवते, लहान मुलांच्या त्याहून जास्त, कारण अल्पवयीन व्यक्तीसाठी दाव्याची मुदत ती सज्ञान झाल्यावर मोजली जाते.

काही घडलंच तर

आधी माणूस. प्रथमोपचार, डॉक्टर, घरच्यांना फोन. सोबत जा, विचारपूस करा. माणुसकीने वागणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे. फक्त ‘खर्च सगळा मी देते’ असं कंपनीला न विचारता बोलू किंवा लिहू नका, कारण परस्पर कबुली किंवा तडजोड केल्यास दावा नाकारता येईल असं कलम पॉलिसीत असतं.

त्याच दिवशी जागेचे फोटो काढा आणि जे घडलं ते वेळेसह लिहून काढा. जुन्या नोंदीत नंतर एक अक्षरही घालू नका. दुसऱ्या दिवशी कंपनीला ईमेलने कळवा, तक्रार आलेली नसली तरी. ‘दावा होऊ शकेल अशी घटना’ पॉलिसीच्या काळात कळवली, तर नंतर आलेला दावा बऱ्याच पॉलिसींत त्याच काळातला धरला जातो.

वकिलाची नोटीस आली तर उत्तर स्वतः लिहू नका, प्रत कंपनीला पाठवा. आणि ग्राहक आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह आली तर त्या दिवशीची तारीख पाकिटावर लिहा. लेखी म्हणणं मांडायला ३० दिवस मिळतात, आयोग आणखी १५ देऊ शकतो. ४५ दिवसांच्या पुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली स्पष्ट केलं आहे. कंपनीच्या उत्तराची वाट बघत ही मुदत घालवू नका. कंपनी गप्प असेल तर स्वतः वकील द्या आणि तसं तिला लेखी कळवा.

दावा नाकारला तर

नकार लेखी आणि कलमाच्या क्रमांकासह मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, जोडीने विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. नकार आला किंवा महिनाभरात उत्तर आलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याचे वाद न्यायालयाबाहेर सोडवणारे अधिकारी. एकल मालकीच्या व्यवसायालाही तिथे जाता येतं. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि नकारानंतर वर्षभरात जावं लागतं. मात्र तोच वाद आधीच ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात नेला असेल तर लोकपाल तो घेत नाहीत, म्हणून क्रम चुकवू नका.

मी लोकपालांकडे गेले नाही. माझ्या सहीच्या फॉर्मवर ‘रेकी’ हा एकच शब्द होता आणि माझ्याकडे दाखवायला दुसरा कागद नव्हता.

परदेशात असलेल्यांसाठी

ब्रिटनमध्ये आपल्यापेक्षा सोपं आहे. तिथे पूरक थेरपिस्टसाठी तयार पॉलिसी मिळतात, त्यात प्रत्येक थेरपीचं नाव आणि प्रमाणपत्र द्यावं लागतं. २००८ पासून तिथे सीएनएचसी ही ऐच्छिक नोंदणी आहे, तिच्या सदस्यांना विमा ठेवावा लागतो. भारतात घेतलेलं रेकीचं प्रमाणपत्र चालेल का, हे तिथल्या विमा कंपनीला आधी विचारा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. कॅलिफोर्नियात परवाना नसलेल्या हीलरने ‘मी परवानाधारक डॉक्टर नाही’ हे लेखी सांगून क्लायंटची सही घ्यावी लागते. तिथे राहून काम करत असाल तर तिथलीच पॉलिसी घ्या, भारतातली उपयोगी नाही.

नूतनीकरणाचा दिवस

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पॉलिसी संपायच्या दीड महिना आधी खूण करा. त्या दिवशी पहिला कागद काढून आजच्या कामाशी ताडून बघा: नवी पद्धत, नवी जागा, नवी मदतनीस, वाढलेली सत्रं, एखादी नाराजी. बदल ईमेलने कळवा, नवं शेड्यूल आल्यावर रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख, प्रदेश आणि पद्धतींची नावं बोट ठेवून वाचा. यंदा माझ्या शेड्यूलवर ‘क्लायंटच्या घरी’ हे शब्द छापायचे राहिले होते. फोनवर ‘मॅडम, ते धरलेलंच असतं’ असं उत्तर मिळालं. मी दुरुस्त प्रत मागितली, ती नऊ दिवसांनी आली, आणि ते नऊ दिवस मी बाहेरचं एकही सत्र घेतलं नाही.